पखवाजाचे रेकॉर्डिंग: हात आणि माइक
शहापूर-मुरबाड भागातील हरिनाम सप्ताहांत पखवाज अनेकदा मोबाइलवरच रेकॉर्ड होतो. आवाज बिघडला की खापर माइकवर फुटते. खरे तर निम्मे काम माइक लावण्याआधीच झालेले असते. पावसाळी दमट हवेत चामडे उतरते. जाणता वादक हातोडीने गठ्ठे ठोकून शाईची बाजू गायकाच्या षड्जाला मिळवतो, धुमेवर, म्हणजे डाव्या बाजूवर, ओली कणीक बेताने थापतो आणि ती सुकू लागली की पाण्याचा हात फिरवतो. कणीक जास्त झाली तर घुमारा बसतो. महागडा माइक चामड्याची बेसूर पुडी सुरात आणत नाही, उलट तिचा दोष ठळक ऐकवतो. साधनाची मर्यादाही खरीच: जवळची जोरकस थाप मोबाइलला पेलत नाही, आवाज फाटतो. म्हणून मोबाइल चार-पाच हात दूर ठेवावा.