गाडीत पेट्रोलचा वास

मैत्रिणींनो, आमच्या गटाची जुनी ओम्नी पापड घेऊन बाजारला जाते. आठवडाभर तिच्यात पेट्रोलचा वास यायचा. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच, म्हणजे आगीवर बसल्यासारखंच! गरम इंजिनावर गळलेला थेंब लगेच उडून जातो, दिसत नाही. म्हणून आम्ही सकाळी, गाडी थंड आणि बंद असताना, सीट उचलून पाहिलं. उजेड बॅटरीचा, काडी, कंदील अजिबात नाही. पेट्रोलच्या रबरी नळ्यांवरून कोरडं पांढरं फडकं फिरवलं. कार्बोरेटरजवळ, क्लिपेपाशी ते ओलं झालं. तिथे रबराला बारीक चिरा पडल्या होत्या. चिकटपट्टी गुंडाळू नका, पेट्रोलात ती टिकत नाही. मेकॅनिकला गावातच बोलावून पेट्रोलसाठीचीच नवी नळी आणि क्लिपा बसवून घेतल्या. तोवर गाडीला हात लावला नाही. पापड एसटीनं गेले.