एकसष्टचे कोडे

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, डोंगराच्या पायथ्याशी पाटण नावाचे जुने स्थान आहे. पाटणादेवीच्या दर्शनास जळगाव-धुळ्याकडील पुष्कळ लोक तेथे जातात. येथेच इ. स. १२०७ मधील एक शिलालेख सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने पाटणला मठ स्थापन केला, आणि तेथील बाजारात येणाऱ्या मालावरील कर त्या मठाला दिला गेला, असे त्यात कोरले आहे. बाजाराच्या पैशावर गणित शिकविणारे हे गाव मोठे भाग्याचे!

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘बीजगणित’ ग्रंथात एक कोडे आहे. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणावे व त्यात १ मिळवावा; येणारी संख्या पूर्ण वर्ग असली पाहिजे. तर मूळची संख्या कोणती?

६१ च्या जागी ६० घेतले, तर उत्तर ४ येते; कारण ६० × १६ + १ = ९६१, आणि ९६१ हा ३१ चा वर्ग आहे. ६२ घेतले तर उत्तर ८. मग ६१ चे उत्तरही असेच लहान असेल, असे कोणासही वाटेल. पण सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०! एक, दोन, तीन अशा संख्या ओळीने तपासू लागलो आणि प्रत्येकीस एकच सेकंद दिला, तरी अहोरात्र बसून सात वर्षांहून अधिक काळ लागेल.

भास्कराचार्यांनी हे उत्तर चक्रवाल रीतीने काढले. १ च्या वर्गाला ६१ ने गुणून ३ मिळविले, की ६४, म्हणजे ८ चा वर्ग येतो. हवा होता १, मिळवावे लागले ३. ही चूक टाकून न देता तिच्यापासूनच ते नियमाने पुढची जोडी काढतात : ५ च्या वर्गाची ६१ पट करून ४ वजा केले, की ३९ चा वर्ग येतो. अशी जोडीतून जोडी निघते, चाक फिरत राहते आणि अखेर नेमका १ मिळविण्याची वेळ येते. पुढे १६५७ साली फ्रान्समधील फर्मा या गणितज्ञाने ६१ चेच कोडे आपल्या समकालीनांपुढे ठेवले. त्याला भास्कराचार्यांच्या या उत्तराची वार्ताही नव्हती.

आता त्या पूर्ण वर्गाचे वर्गमूळ पाहा : १,७६,६३,१९,०४९. म्हणजे एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास. या संख्येला २२,६१,५३,९८० ने भागले, तर ६१ चे वर्गमूळ सतरा दशांश स्थळांपर्यंत अचूक मिळते. तिच्यातून १ वजा करून निम्मे केले, तर येणारी संख्या २९,७१८ चा वर्ग असते. १ मिळवून निम्मे केले, तर ती ३,८०५ च्या वर्गाची बरोबर ६१ पट भरते. पाटी घ्या आणि २९,७१८ ला २९,७१८ नेच गुणून पाहा. ८८,३१,५९,५२४ आले पाहिजेत.