पंप पाणी ओढत नाही, हवा ढकलते



पाण्याची पातळी खाली गेली की आपल्या वऱ्हाडात एक तक्रार हमखास ऐकू येते : "मोटार चालू आहे, पण पाणी येत नाही." वरुड-मोर्शीकडे उन्हाळ्यात संत्र्याची झाडं माना टाकतात. दर्यापूर-मूर्तिजापूरच्या खारपाण पट्ट्यात जमिनीतलं पाणी खारं, म्हणून शेततळ्याच्या गोड पाण्यावर हरभऱ्याची आशा. आणि नेमका तिथंच पंप पाणी सोडतो. मग आपण जास्त अश्वशक्तीची मोटार आणतो. पैसा जातो, पाणी काही येत नाही. असं का होतं ते समजून घेऊ.

हवेचं ओझं

काठावरचा पंप पाणी ओढून घेतो असं आपल्याला वाटतं. खरं तसं नाही. हवेला वजन असतं आणि ते विहिरीतल्या पाण्यावर सतत दाबून असतं. पंप फक्त सक्शन पाइपातला हा दाब कमी करतो. मग बाहेरची हवा पाण्याला पाइपात वर ढकलते. इटलीतल्या टॉरिचेल्ली या शास्त्रज्ञाने १६४० च्या दशकात हे दाखवून दिलं.

पण हवेच्या बळाला मर्यादा आहे. समुद्रकाठी ती पाणी फार तर ३४ फूट चढवते. अकोला-अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे २८० ते ३४० मीटर उंच, म्हणून इथं हा आकडा ३३ फुटांच्या आतच. त्यातून पाइपाचं घर्षण, फुटबॉलची अडवणूक आणि उन्हानं तापलेलं पाणी यांचा हिस्सा वजा करा. हाती उरतात जेमतेम २० फूट. पाणी याहून खोल असेल, तर काठावर ५ ची मोटार बसवा की १० ची, हवेचं बळ काही वाढत नाही.

म्हणून दोरीला दगड बांधून पंपापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. सकाळी नाही, तासभर पंप चालल्यावर मोजा, कारण उपसा सुरू झाला की पातळी उतरते. अंतर २० फुटांवर गेलं, तर विजेचा पंप खाली मजबूत ओट्यावर घ्या किंवा पाणबुडी मोटार बसवा. पाणबुडी पाण्यातच असते; तिला पाणी फक्त वर ढकलायचं असतं.

सावधान! डिझेल इंजिन विहिरीत उतरवून कधीही चालवू नका. त्याचा विषारी धूर विहिरीत साचतो आणि माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. त्याला काढायला उतरलेलाही वाचत नाही. विजेचा पंप असला तरी मुख्य खटका बंद केल्याशिवाय खाली उतरू नका.

पाइपाची बचत महाग पडते

पाणी पंपातून वर निघालं, की दुसरा चोर भेटतो : पाइपाचं घर्षण. समजा सेकंदाला ५ लिटर पाणी ३०० फूट न्यायचं आहे. आतून २ इंची प्लॅस्टिक पाइप असेल, तर नुसत्या घर्षणात सुमारे ४० फूट उंची चढवण्याइतकं बळ जातं. तोच पाइप ३ इंची असेल, तर जेमतेम ६ फूट. पाइप घेताना वाचवलेले पैसे पुढं दर हंगामाला विजेत आणि डिझेलात जातात.

किती अश्वशक्ती लागेल?

२०० लिटरचं टिपाड ४० सेकंदांत भरलं, तर पाणी सेकंदाला ५ लिटर. पाण्याच्या पातळीपासून पाणी जिथं पडतं तिथपर्यंतची उभी उंची मीटरमध्ये घ्या आणि त्यात घर्षण मिळवा. समजा, एकूण ३० मीटर आले. ५ गुणिले ३० म्हणजे १५०. भागिले ७५, आले २. पंप-मोटारीत साधारण निम्मं बळ वाया जातं असं धरा, म्हणजे ४ अश्वशक्ती. इथं ५ ची मोटार पुरे; १० ची कशाला?

एवढं पाहाच

१. सक्शन पाइप डिलिव्हरी पाइपापेक्षा एक नंबर मोठा आणि जमेल तितका आखूड ठेवा.
२. तो पंपाकडे सतत चढता असावा. मधे उंचवटा आला की तिथं हवा अडकते.
३. जोड तपासा. सुईएवढ्या छिद्रातून हवा शिरली तरी पंप पाणी सोडतो.
४. फुटबॉल पाण्यात निदान दोन फूट बुडालेला असावा. जाळीतला गाळ काढा.
५. एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड वापरा.
६. पंपात गिट्टी खडखडल्यासारखा आवाज आला, तर पाणी कमी पडतंय असं समजा. पंप लगेच बंद करा, नाहीतर आतला पंखा खाऊन जाईल.

नवी मोटार घेण्याआधी दोरी घ्या आणि अंतर मोजा. हे पत्रक पंपाच्या खोलीत लावा, शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.