पायडलची होडी घेण्यापूर्वी

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी कितीतरी निवृत्त मंडळी चार-सहा महिन्यांसाठी मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला जातात. जाण्यापूर्वी रक्तदाब तपासायला आणि पुढच्या महिन्यांची औषधे लिहून घ्यायला ती माझ्याकडे येतात. परत आल्यावर बहुतेकांची तक्रार एकच असते. तिथे गाडीशिवाय बाहेर पडता येत नाही, मुलगा-सून कामावर गेले की दिवसभर खुर्चीत बसून राहायचे. वजन वाढते, साखरही वाढते. म्हणून एका वाचकांनी या वेळी जे विचारले ते ऐकून मला बरे वाटले.

हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, वय ६४. लहानपण खाडीकाठी गेल्यामुळे गरवण्याचा नाद जुना. मधुमेह आहे, उजवा खांदा धरलेला आहे आणि उजव्या गुडघ्याची झीज सुरू झाली आहे. मुलगा फ्लोरिडात असतो. तो वडिलांसाठी मासेमारीची कयाक घेणार आहे, तीही वल्ह्याची नव्हे, पायडलची. ‘डॉक्टर, यातली कोणती घ्यावी आणि ती मला झेपेल का?’ असा त्यांचा प्रश्न. त्यांच्या परवानगीने इथे थोडे सविस्तर उत्तर देत आहे, कारण असा बेत करणारे ते एकटेच नाहीत.

ही होडी म्हणजे काय?

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवत आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवत. आजची मासेमारीची कयाक बहुधा जाड प्लॅस्टिकची असते. लांबी तीन ते चार मीटर, रुंदी पाऊण मीटर ते जवळजवळ एक मीटर. माणूस तिच्या पोटात नव्हे, वर बसतो. बैठकीच्या भागात तळापर्यंत आरपार भोके असतात. वर आलेले पाणी त्यांतून आपोआप निघून जाते आणि होडीचा खालचा भाग बंद पोकळ असल्याने ती तरंगत राहते.

१९९७ साली कॅलिफोर्नियातील होबी या कंपनीने पायाने चालणारी यंत्रणा बाजारात आणली. पुढे इतर कंपन्यांनीही आपापल्या तऱ्हा काढल्या. मासे धरणाऱ्याला यात मोठी सोय झाली. होडी पाय चालवतात, सुकाणूची लहान मूठ बाजूला असते, त्यामुळे हात गळासाठी मोकळे राहतात.

खांद्याची सुटका, पण पूर्ण नव्हे

वल्हे मारताना प्रत्येक वेळी खांदा उचलला जातो आणि फिरतो. तासाभरात असे हजाराहून अधिक वेळा होते. ज्यांचा खांदा आखडला आहे किंवा खांद्याच्या स्नायूंना इजा झाली आहे, त्यांना हे सोसत नाही. पायडलच्या होडीत काम मांड्यांचे मोठे स्नायू करतात. ते सहज दमत नाहीत, आणि हृदयाला व फुप्फुसांनाही चालण्यासारखा व्यायाम घडतो. आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सकाळचे दोन-तीन फेरफटके झाले की त्यातला मोठा वाटा पुरा होतो. वेग किती ठेवावा याची खूण सोपी आहे. पायडल मारताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे. वाक्य तोडून श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करावा.

मात्र वल्हे घरी ठेवून चालत नाही. पायडलमध्ये शेवाळ अडकते, एखादा भाग तुटतो, मग किनारा वल्ह्यानेच गाठावा लागतो. पाण्यात पडल्यावर परत वर चढण्याचे काम तर हातांचेच. म्हणून ज्यांचा हात खांद्याच्या उंचीपर्यंतही जात नाही, त्यांनी आधी खांद्याचे उपचार व व्यायाम पुरे करावेत आणि मग होडी पाहावी.

पर की पंखा?

पायडलच्या दोन मुख्य जाती आहेत. पहिलीत होडीखाली माशाच्या परांसारखी दोन लवचिक पाती असतात. पाय आळीपाळीने पुढे ढकलले की ती डावी-उजवीकडे हलतात आणि होडी पुढे जाते. दुसरीत सायकलसारखे गोल पायडल असते आणि खाली पंखा फिरतो. काही मॉडेलांत पायाच्या एका फेऱ्याला पंख्याचे दहाच्या आसपास फेरे होतात.

गेल्या वर्षी मुलीकडे गेलो असताना मी दोन्ही तऱ्हा भाड्याने घेऊन चालवून पाहिल्या. शरीराच्या दृष्टीने जाणवलेला फरक असा. परांच्या होडीत पाय पूर्ण गोल फिरवावा लागत नाही. लहान लहान ढकलण्यावरही होडी चालते. ज्यांचा गुडघा पुरता वाकत नाही किंवा वाकवताना दुखतो, त्यांना ही बरी. शिवाय उथळ पाण्यात दोन्ही पाती तळाला चिकटवून ठेवता येतात. पंख्याच्या होडीत गुडघा आणि खुबा प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकतो, आणि पाय फिरायला जागा लागते म्हणून बैठकही थोडी उंच असते. उंच बैठकीवरून उठणे सोपे जाते, पण होडी तितकीच अधिक डोलते. पंख्याचा एक गुण मोठा आहे. उलटे पायडल मारले की होडी तत्काळ मागे येते. परांच्या होडीत जुन्या रचनेत मागे जाता येत नसे, आताच्या काही मॉडेलांत दोरी ओढून दिशा बदलता येते.

तेव्हा गुडघा दुखत असेल तर पर, आणि गुडघे धड असून सायकलची सवय असेल तर पंखा, असा माझा साधारण कौल आहे. कोणतीही घेतली तरी पायडलचे अंतर आपल्या पायाच्या लांबीप्रमाणे लावून घ्यावे. पायडल सर्वांत दूर असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. पाय ताठ होत असेल तर अंतर जास्त आहे, आणि मांडी पोटाकडे येत असेल तर कमी आहे.

पाठ आणि बैठक

स्वीडनचे अस्थितज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात कण्याच्या चकत्यांमधला दाब प्रत्यक्ष मोजला. उभे राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसल्यावर तो जास्त असतो आणि पुढे वाकून बसल्यावर आणखी वाढतो, असे त्यांना आढळले. मासे धरणारा माणूस तर तासन्‌तास पुढे वाकूनच बसतो. म्हणून बैठकीवर पैसे वाचवू नयेत. पाठीला कंबरेपासून आधार हवा, टेकण मागेपुढे होणारे हवे. दुकानात पाच मिनिटे बसून काही कळत नाही. निदान अर्धा तास पाण्यावर बसून पाहावे आणि उतरल्यावर कंबर काय म्हणते ते ऐकावे. गळ, डबी, पाणी या वस्तू हाताशी ठेवाव्यात. मागे वळून जड वस्तू ओढताना पाठीत उसण भरते आणि होडीही कलते.

पाठीचा याहून मोठा शत्रू म्हणजे होडीचे वजन. पायडलच्या कित्येक कयाक ४० ते ६० किलोच्या असतात. इतके ओझे मोटारीच्या टपावर चढवणे साठीच्या माणसाचे काम नाही, आणि हर्निया किंवा चकतीचा त्रास असणाऱ्यांनी तर हात लावूच नये. घर तळ्याकाठी नसेल तर दोन चाकांची गाडी आणि मोटारीमागे जोडायची ट्रॉली यांचा खर्च आधीच धरावा. मुलगा बरोबर असेल तेव्हाच जायचे ठरवले तर आणखी उत्तम.

होडीवर किती भार चालतो हे कंपनी लिहून देते. त्यात माणूस, सामान, पाणी, बर्फ, धरलेले मासे सगळे आले. लिहिलेल्या भाराच्या दोन तृतीयांशावर थांबावे. स्वतःचे वजन ८० किलो आणि सामान २० किलो असेल, तर निदान १५० किलोची होडी हवी.

पाण्यात पडल्यावर

अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा होड्यांच्या अपघातांवरचा अहवाल दरवर्षी निघतो. गेल्या काही वर्षांचे चित्र सारखेच आहे. दगावलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक बुडून मरतात, आणि त्यांतल्या दर दहांपैकी आठांहून अधिक जणांच्या अंगात लाइफ जॅकेट नसते. पुष्कळदा जॅकेट होडीतच असते, फक्त घातलेले नसते. तिथल्या कायद्याने माणशी एक जॅकेट होडीत असावेच लागते. पण प्रौढाने ते कायम अंगात घालावे अशी सक्ती सगळीकडे नाही. कायदा काहीही म्हणो, किनारा सोडण्यापूर्वी जॅकेट घालून पट्टे आवळावेत आणि परत पाय जमिनीला लागेपर्यंत काढू नये. पोहता येणाऱ्यांनीही हे पाळावे. जॅकेटला शिटी बांधावी. बिअर घेऊन होडीत बसू नये. जीवघेण्या अपघातांच्या ज्ञात कारणांत याच अहवालाप्रमाणे दारूचा क्रमांक वर असतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. होडी घेण्यापूर्वी, छातीइतक्या उबदार पाण्यात, जाणता माणूस शेजारी उभा करून, होडीतून मुद्दाम पाण्यात उतरावे आणि परत वर चढून पाहावे. आधी पोटावर पालथे पडून, पाय मारत अंग होडीवर ओढायचे, मग कुशीवर वळून बैठकीत यायचे, अशी ती रीत आहे. तीन वेळा प्रयत्न करूनही चढता आले नाही, तर ती होडी कितीही चांगली असली तरी तुमच्यासाठी नाही. अधिक रुंद, काठ खाली असलेली होडी पाहावी किंवा चढायला पट्ट्याची पायरी लावून घ्यावी. तरीही जमले नाही तर धक्क्यावरून किंवा पुलावरून गरवावे. मासा तोच मिळतो.

मुले मिशिगन, मिनेसोटासारख्या थंड राज्यांत असतील तर आणखी सावध राहावे. वसंतात हवा उबदार वाटते, पण तळ्याचे पाणी अजून बर्फासारखे असते. अशा पाण्यात पडताच धाप लागते आणि श्वास आवरत नाही. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी यासाठी १-१०-१ असा सोपा हिशेब सांगितला आहे. श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती सुमारे १० मिनिटे, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण १ तास. जॅकेट असेल तरच पहिले मिनिट नीट पार पडते. कपडे हवा पाहून नव्हे, पाणी पाहून घालावेत. हृदयविकार असलेल्यांनी थंड पाण्याच्या वाटेला जाऊच नये.

मधुमेह, रक्तदाब आणि इतर

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे भर पाण्यात आली तर धोका आहे. न्याहारी करूनच निघावे आणि जॅकेटच्या खिशात ग्लुकोज, तेही भिजणार नाही अशा पिशवीत ठेवावे.

लघवीला जावे लागेल म्हणून वयस्कर मंडळी पाणीच पीत नाहीत. प्रोस्टेटचा त्रास असणारे तर हमखास. फ्लोरिडाच्या उन्हात हे घातक आहे. त्यातून रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर उठताना चक्कर येते. तेव्हा फेरी दीड-दोन तासांची ठेवावी आणि पाणी घोट घोट घेत राहावे. रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्यांचा सदरा घालावा. तिथे उन्हाळ्यात दुपारी वादळे होतात, विजाही फार पडतात. सकाळी लवकर जाऊन दुपारपूर्वी परतावे. गडगडाट ऐकू येताच किनारा धरावा.

मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी पायडल मारू नये. बोटे झाकणारे, पाण्यात चालणारे बूट घालावेत आणि घरी आल्यावर पाय कोरडे करून बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. गळ किंवा माशाचा काटा बोटात शिरणे नेहमीचेच, म्हणून धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील तर जाण्यापूर्वी पुन्हा घ्यावी. उबदार खाऱ्या आणि मचूळ पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू असतो. तो जखमेतून शिरतो आणि यकृताचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांत झपाट्याने पसरतो. त्याची लागण झालेल्या दर पाचांपैकी सुमारे एक रुग्ण दगावतो. तेव्हा उघडी जखम असताना पाण्यात जाऊ नये. ओरखडा आला तर साबणाने धुवावा. लाली, सूज आणि ताप दिसला तर उद्यावर न ढकलता त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि खाऱ्या पाण्यात होतो हे डॉक्टरांना सांगावे.

छातीत दुखणे चालू आहे, फिट येते, वारंवार चक्कर येते किंवा गेल्या काही महिन्यांत हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे, अशांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा नाद करू नये.

शेवटी पैशांचे. या होड्या साधारण दीड-दोन हजार डॉलरपासून पाच हजारांपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. परंतु बऱ्याच तळ्यांवर त्या तासाच्या भाड्यानेही मिळतात. पहिला महिना भाड्याच्या होडीवर काढावा, दोन्ही जाती चालवून पाहाव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा, कंबर आणि खांदा यांपैकी काय दुखते ते वहीत लिहून ठेवावे. महिन्याने ती वही मुलाच्या हाती द्यावी आणि मग दुकानात जावे.