गोमुखाच्या वाटेवर कॅमेरा

हिमनदी म्हणजे पांढराशुभ्र, चकाकता बर्फाचा प्रवाह, अशी कल्पना घेऊन गोमुखाला, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या मुखाशी, पोहोचणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया बहुधा निराशेची असते. समोर दिसतो तो दगडखाणीसारखा राडारोडा: करडे धोंडे, वाळू, चिखल, आणि त्याखालून मध्येच डोकावणारा मळकट बर्फ. गंगोत्री हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. चौखंबा शिखराच्या (७,१३८ मीटर) उतारांवरून ती वायव्येकडे वाहत येते. दोन्ही अंगांचे कडे तिच्यावर सतत दगड ढाळत असल्याने तिचा खालचा मोठा भाग हिमोढाखाली, म्हणजे तिने वाहून आणलेल्या दगडमातीखाली, झाकलेला आहे. या वाटेवरच्या छायाचित्रणाच्या बहुतेक अडचणी यातूनच सुरू होतात. वर डोळे दिपवणारे पांढरे शिखर, खाली काळपट पसारा, आणि दोन्ही एकाच चौकटीत हवे असतात.

वाट साधारण १८ किलोमीटरांची आहे. गंगोत्रीहून (सुमारे ३,१०० मीटर) निघून चिरबासा, भोजबासा अशी ती आग्नेयेकडे चढत जाते. भोजबासा पावणेचार हजार मीटरांच्या आसपास आहे आणि तिथून गोमुख आणखी ४ किलोमीटर. पुढे हिमनदीचा पसारा ओलांडून सुमारे ४,४५० मीटरवरच्या तपोवनाच्या कुरणावर जाता येते. हा सगळा भाग गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतो. प्रवेशासाठी परवाना लागतो, रोज किती लोकांना सोडायचे याला मर्यादा आहे, आणि परवानगीवाचून ड्रोन उडवता येत नाही.

वाटेची दिशा छायाचित्रकाराच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सकाळी चालणाऱ्याच्या समोर सूर्य असतो. चिरबाशाच्या पुढे भागीरथी शिखरांचे त्रिकूट दिसू लागते, पण सकाळच्या वेळी ते पाठीमागून उजळलेले, सपाट आणि निळसर दिसते. तीच शिखरे संध्याकाळी भोजबाशाहून पाहावीत. सूर्य पश्चिमेला गेलेला, दरीत सावली पसरलेली, आणि वरच्या कड्यांवर तेवढे पिवळे, मग तांबूस ऊन. भागीरथी ३ (६,४५४ मीटर) या शिखराचा खालचा भाग फिकट ग्रॅनाइटचा आणि माथा काळ्या ठिसूळ खडकाचा आहे. तिरप्या उजेडात या दोन खडकांमधली रेघ जितकी स्पष्ट दिसते, तितकी दुपारी दिसत नाही.

अडचण अशी, की मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग भरून येण्याचा संभव मोठा. आकाश स्वच्छ असते ते पहाटे, तर भागीरथी शिखरांवर उजेड चांगला येतो तो संध्याकाळी. म्हणून एका दिवसात गोमुख गाठून परतण्याचा बेत छायाचित्रणासाठी निरुपयोगीच म्हणायला हवा. भोजबाशाला किमान दोन संध्याकाळी मिळाल्या, तर एखादी तरी मोकळी निघण्याची आशा. शिवलिंगाचे गणित उलटे आहे. ६,५४३ मीटर उंचीचे हे शिखर भोजबाशाच्या पुढे गेल्यावर नजरेत येते आणि तपोवनाच्या डोक्यावर तर ते थेट दोन हजार मीटर उभे आहे. उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो, त्यामुळे शिवलिंगाच्या तपोवनाकडच्या अंगावर पहिले ऊन पडते. तो खेळ काही मिनिटांचाच असतो. कॅमेरा कुठे लावायचा, चौकटीच्या तळाशी कोणता दगड किंवा ओहळ घ्यायचा, हे आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवणारा सकाळी धावपळीतून वाचतो. त्या उंचीवर धावपळ परवडतही नाही. श्वास रोखून शटर दाबल्यावरसुद्धा धाप लागते.

ऋतूचाही प्रश्न आहे. गंगोत्रीच्या मंदिराचे दरवाजे अक्षय्य तृतीयेला उघडतात आणि दिवाळीच्या सुमारास मिटतात. मधल्या काळात पाऊस वाट बिकट करतो. मे-जूनमध्ये उंचावर बर्फ भरपूर असतो, पण मैदानातली धूळ आणि उत्तराखंडात उन्हाळ्यात लागणाऱ्या वणव्यांचा धूर यांमुळे हवा पुष्कळदा धूसर राहते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात हवा पावसाने धुतलेली असते, भूर्जवृक्षांची पाने पिवळी पडतात आणि शिखरांवर नवे हिम दिसू लागते. थंडी सोसणार असेल, तर कॅमेऱ्यासाठी हाच काळ उजवा.

आता एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा, ते. समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून कॅमेऱ्याचा मीटर प्रकाश मोजतो. संपूर्ण चौकट बर्फाने भरली असेल, तर तो त्या पांढऱ्यालाही करडे करून टाकतो. म्हणून बर्फात एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो सल्ला बरोबर आहे, पण गोमुखाला डोळे मिटून पाळला तर चित्र बिघडते. तिथे चौकटीचा बराचसा भाग काळपट हिमोढाने व्यापलेला असतो आणि हिमशिखर वरच्या कोपऱ्यात. मीटर त्या काळपटपणाला उजळ करायला जातो आणि शिखर पांढऱ्या डागासारखे जळून निघते. अशा वेळी एक्स्पोजर कमी करावे लागते. बर्फाचे जळालेले तपशील नंतर कशानेही परत येत नाहीत, सावलीतले मात्र बरेच उजळता येतात. त्यामुळे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे चित्र कसे दिसते यापेक्षा हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या गडद-उजळ छटांचा आलेख, पाहावा. त्याचे उजवे टोक भिंतीला चिकटले असेल, तर प्रकाश जास्त झाला. उन्हात पडदा धड दिसत नाही, तेव्हा तर हा आलेखच आधार. चित्रे रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात साठवली तर दुरुस्तीला वाव राहतो. मोबाइल स्वतःच अनेक चित्रे जुळवून उजेड-सावली सांभाळतो, पण पुष्कळदा तो ती इतकी समतल करतो, की दुपार आणि संध्याकाळ यांत फरक उरत नाही.

रंगाच्या बाबतीत हात आखडता ठेवलेला बरा. सावलीतल्या बर्फावर उजेड पडतो तो निळ्या आकाशाचा, म्हणून ती सावली निळसर असते. ती निळाई थोडी कमी करता येते, पण पुरती पुसली तर चित्र निर्जीव होते. जुन्या, दाबाने घट्ट झालेल्या बर्फाची निळाई वेगळी. असा बर्फ लाल रंगाचा प्रकाश शोषतो, म्हणून ताज्या तुटलेल्या कड्यावर ती दिसते. प्रखर उन्हात ही छटा फिकी पडते, ढगाळ वेळी खुलते. शिखरे झाकली गेली म्हणून कॅमेरा पिशवीत टाकणाऱ्यांना हे सांगायला हवे. गोमुखातून निघणाऱ्या नदीचे पाणी इथे करडे, दुधाळ असते. हिमनदीने खडक घासून केलेले पीठ त्यात मिसळलेले असते. त्याला निळेशार करण्याचा मोह म्हणजे चक्क खोटेपणा. पोलरायझर फिल्टरही जपून वापरावा. उंचीवर आकाश मुळातच गडद असते आणि फिल्टरने ते काळे पडते. वाइड अँगल लेन्स असेल, तर एकाच आकाशात अर्धे फिके, अर्धे काळे असा पट्टा उमटतो.

मोठेपणा चित्रात उतरवणे सगळ्यांत अवघड. धूळ-धूर नसेल तेव्हा तिथली हवा स्वच्छ असते. अंतराचा अंदाज देणारा धूसरपणा नसतो, म्हणून दूरचे धोंडेही जवळचे आणि लहान भासतात. वाटेवर चालणारा एक माणूस किंवा तंबू चौकटीत आला, की पाहणाऱ्याला माप मिळते. वाइड अँगलने सगळे मावते, पण शिखरे लहान होऊन मागे जातात. भोजबाशाहून भागीरथी शिखरांसाठी १०० ते २०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्स अधिक उपयोगी पडते. सगळी पर्वतरांग हवी असेल, तर एक्स्पोजर कायम ठेवून उभ्या चौकटींची मालिका घ्यावी आणि प्रत्येक चौकटीत आधीच्या चौकटीचा तिसरा हिस्सा यावा. जोडकाम नंतर संगणकावर होते. कडा आणखी जवळून घेण्यासाठी मात्र गोमुखाच्या बर्फाच्या भिंतीखाली जाऊ नये. तिथून बर्फाचे आणि दगडांचे तुकडे सुटतात, आणि त्याची सूचना आधी मिळत नाही.

सामान मोजकेच न्यावे: एक कॅमेरा, दोन लेन्स, हलका ट्रायपॉड आणि जादा बॅटऱ्या. थंडीत लिथियम बॅटऱ्या लवकर मान टाकतात, म्हणून दिवसा त्या आतल्या खिशात आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये ठेवाव्यात. वाटेवर चार्जिंगचा भरवसा धरू नये. बाहेरच्या थंडीतून उबदार खोलीत आणलेल्या कॅमेऱ्यावर दव धरते. आत येण्यापूर्वी तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवला, तर दव पिशवीवर धरते, लेन्स कोरडी राहते.

या सगळ्या अडचणी सॅम्युअल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराच्या खटाटोपापुढे किरकोळ वाटतात. १८६६ साली त्याने गंगोत्री हिमनदीची छायाचित्रे काढली. तेव्हाच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत काचेवर रसायन लावायचे, ते ओले असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत ते धुवायचे. काचा, रसायने, तंबू हे सगळे हमालांच्या पाठीवर. त्याच प्रवासात त्याने साडेपाच हजार मीटरांहून उंच मणिरंग खिंडीतही कॅमेरा लावला होता.

बोर्नची चित्रे देखणी आहेतच, पण हिमनदी मागे हटू लागल्यावर अशा चित्रांना पुराव्याचेही मोल आले. १९३५ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जे. बी. ऑडेन यांनी गोमुखाचा नकाशा केला (इंग्रज कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे हे भाऊ). त्यानंतरच्या मोजणीनुसार हे मुख विसाव्या शतकात वर्षाला सरासरी २० मीटरांच्या आसपास मागे सरकत गेले. जुन्या छायाचित्राच्या जागी उभे राहून तेच दृश्य पुन्हा टिपण्याच्या पद्धतीने हा बदल सामान्य माणसालाही दिसतो. गिर्यारोहक आणि छायाचित्रकार डेव्हिड ब्रेशियर्स यांनी एव्हरेस्टच्या उत्तरेकडील रोंगबुक हिमनदीचे गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी यांनी १९२१ मध्ये घेतलेले चित्र याच रीतीने पुन्हा घेतले. दोन्ही शेजारी ठेवली, की बर्फाची पातळी किती खचली ते आकड्यांवाचून कळते.

असे चित्र घ्यायला मोठी साधने लागत नाहीत, शिस्त लागते. जागा अशी निवडावी, की पुढच्या माणसाला ती सापडेल. गोमुखाजवळचा हिमोढ स्वतःच सरकतो, म्हणून तिथला धोंडा खूण म्हणून चालत नाही, काठावरचा पक्का खडक हवा. चौकटीत न हलणारे काही, एखादे शिखर किंवा कड्याची धार, आले पाहिजे. जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ, कॅमेऱ्याची दिशा आणि लेन्सचे मिलिमीटर टिपून ठेवावेत. ऋतूही तोच असावा. मे महिन्यातले ताजे हिम आणि ऑक्टोबरमधले उघडे दगड यांची तुलना केली, तर हिमनदी आटल्याचा किंवा वाढल्याचा खोटाच निष्कर्ष निघेल.