'समाज तं आमी रोजच पाह्यतो'

प्रवेशाच्या दिवसांत आलेगावकडचे एक काका म्हणाले, "मॅडम, पोरगी समाजशास्त्र घेईन म्हन्ते. शिकवता काय तुमी त्याच्यात? समाज तं आमी रोजच पाह्यतो."

प्रश्न रास्त आहे. विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या नावापुढे 'संशोधनाचे विषय' म्हणून जड शब्द छापलेले असतात: नातेव्यवस्था, कृषक समाज, लिंगभाव. मी वर्गात एवढंच विचारते, असा एखादा प्राध्यापक अकोला-वाशीम गाडीतून पातूरला उतरला तर आधी काय विचारेल?

इरावती कर्वे विचारतील, "पोरगी कुठं दिली?" १९३९पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या आणि भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९५३चा. उत्तरेत मामाची मुलगी म्हणजे बहीणच. दक्षिणेत मामाची, आत्याची, दोन्ही चालतात. आपल्याकडे बऱ्याच जातींत मामाची चालते, आत्याची नको. महाराष्ट्र या दोन रीतींच्या मधला पट्टा आहे, असं बाईंनी दाखवलं. हे सांगितलं की वर्गात हशा पिकतो, कारण कुणाची तरी काकू 'मामाचीच' निघते. मग मी वंशावळ काढायला देते. गाईड वाचून काढता येत नाही, अशी ती एकच गोष्ट.

द. ना. धनागरे मोर्चाची चौकशी करतील: कोण गेलं, कोण घरी राहिलं? १९२० ते १९५०च्या शेतकरी चळवळींवरचं त्यांचं पुस्तक १९८३चं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचा अभ्यास २०१६ला आला आणि पुढच्या वर्षी धनागरे गेले. कापसाच्या भावासाठी आपल्या मुलखातली माणसं रस्त्यावर बसली. भाव वाढला तर निंदणाऱ्या बाईची मजुरी वाढते का, हे मी मुलांना वर विचारते. शेतमालकांची पोरं जरा चुळबुळतात.

बी. बी. मोहंतींचा विषय शिकवणं जड जातं. अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या शेतकरी आत्महत्यांवरचा त्यांचा लेख २००५चा. त्याला आधार फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमच्या १८९७च्या ग्रंथाचा: आत्महत्या एकट्याची वाटली, तरी तिचं मूळ माणूस आणि समाज यांच्यातल्या धाग्यातही असतं. मोहंतींना सगळी मरणं एकाच प्रकारची दिसली नाहीत. खालच्या आणि मधल्या जातींतल्या अल्पभूधारकांच्या आशा स्वातंत्र्यानंतरच्या जमीन सुधारणांनी वाढवल्या, पण पुढं उत्पन्न घटलं आणि कर्ज चढलं. त्या कात्रीत ते सापडले. वरच्या जातींतल्या मोठ्या आणि मध्यम शेतकऱ्यांच्या बाबतीत धंदा, व्यापार, राजकारणातलं अपयश पुढं आलं. बातमीत मात्र दोघंही 'कर्जबाजारी शेतकरी'. मग मदतीचा नमुनाही एकच निघतो, आणि तो निम्म्यांना लागूच पडत नसणार, असं माझं मत. हा तास मी सावकाश घेते. बाकावरच्या कुणाच्या घरी काय झालंय, आपल्याला ठाऊक नसतं.

पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे (१९६४-२०१३) दलित स्त्रियांच्या आत्मकथनांतून समाज वाचायला शिकवत. त्या आल्या तर म्हणतील, ज्या बाईबद्दल बोलता तिला विचारलं का? म्हणून यंदा द्वितीय वर्षाला घरचा सातबारा पाहून त्यावरची नावं लिहून आणायला सांगितलीत. ज्यांच्याकडे सातबाराच नाही, त्यांनी आजी कोणाच्या वावरात राबली ते विचारायचं. एकानं विचारलं, "आईचं नाव नसन तं?"

म्हटलं, "मग आईलाच विचार, काहून नाही."