पहाटेचा गोळा, संध्याकाळचा गोळा

महागाव, उमरखेड, पुसद या पट्ट्यातली अनेक पोरं-पोरी पोलीस भरतीची तयारी करतात. मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ गुण. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. गोळा मुलांचा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. धावणं बहुतेक जण पहाटे करतात; जोर-बैठका, वजनं आणि गोळा मात्र शेतातून किंवा कॉलेजातून आल्यावर, संध्याकाळी. ग्राउंडला बोलावणं येतं ते बहुधा पहाटेचं. मग संध्याकाळी हमखास रेषेपलीकडे जाणारा गोळा त्या दिवशी अलीकडेच पडतो आणि पोरगं स्वतःला दोष देत बसतं. दोष बराचसा वेळेचा असतो.

शरीराचं तापमान दिवसभर ३७ अंशांवर खिळलेलं नसतं. पहाटे चार-पाचच्या सुमारास ते सर्वांत खाली असतं, मग चढत जातं आणि संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान सर्वांत वर पोचतं. फरक अर्ध्या ते एक अंशाचा. तो केवळ ऊन-सावलीने पडत नाही. मेंदूच्या तळाशी सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर आपली वेळ जुळवतो आणि सगळ्या शरीराला दिवस-रात्रीची लय लावून देतो. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं, हे फळमाशीवरच्या अभ्यासातून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आता एक अंश म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण स्नायू एका अंशाने तापला की झटक्याने लावलेली ताकद साधारण चार-पाच टक्क्यांनी वाढते. नसांतून संदेश जलद जातो, स्नायूतल्या रासायनिक क्रिया वेग घेतात, सांध्यांची ताठरता उतरते. याखेरीज मेंदूकडून स्नायूला मिळणारी चेतनाही दिवसाच्या वेळेनुसार बदलत असावी. सगळं मिळून सकाळ-संध्याकाळच्या ताकदीत अनेक चाचण्यांमध्ये पाच ते दहा टक्क्यांचं अंतर दिसतं. सात मीटर जाणाऱ्या गोळ्याला एवढ्याने गुण कमी-जास्त होऊ शकतात.

‘टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त, म्हणून ताकदही सकाळी जास्त’ हे जिममध्ये नेहमी ऐकू येतं. पहिला भाग खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही. रक्तातल्या त्या रोजच्या चढउताराने त्या घटकेचा जोर ठरत नाही.

पाठीला मात्र सकाळी खरोखर जपावं लागतं. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात; म्हणूनच उठल्यावर आपली उंची सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर जास्त भरते. फुगलेल्या चकतीवर वाकताना ताण जास्त पडतो. उठल्यापासून तासभर तरी कंबरेत वाकून जड वजन उचलू नये.

मग कोल्हापूरच्या तालमींतले मल्ल भल्या पहाटे मेहनत करतात, ते चुकतं का? नाही. शरीर वेळ शिकतं. काही आठवडे ठरलेल्या वेळी सकाळी व्यायाम केला की सकाळची ताकद संध्याकाळच्या जवळ येते. संध्याकाळीच करणाऱ्यांत दोन्हींमधलं अंतर तसंच राहतं. आणि स्नायूंची वाढ म्हणाल, तर ती दोन्ही वेळांना जवळपास सारखीच होते. नियमितपणा, पुरेसं वजन आणि पुरेसं खाणं हे तिथे घड्याळापेक्षा मोठं आहे.

विदर्भाचं हवामान यात आणखी एक गोष्ट घालतं. ग्वादेलूपसारख्या उष्ण बेटांवरच्या प्रयोगांत सकाळ-संध्याकाळचं हे अंतर पुष्कळ कमी झालेलं आढळलं, कारण तिथली सकाळच स्नायू तापवून देते. आपल्याकडेही मे महिन्यात पहाट तितकी जड जाऊ नये. उलट त्या दिवसांत पारा ४४-४५ पर्यंत चढतो, संध्याकाळी पाचलाही उन्हाची धग असते, आणि तेव्हा जोर काढणं जिवावर बेतू शकतं. डिसेंबरच्या गारठ्यात मात्र पहाटेचं अंग खरंच आखडलेलं असतं. तिथे वॉर्मअप दुप्पट हवा. घाम फुटेपर्यंत हळू धावावं, खांदे-मनगटं फिरवावीत, हलक्या गोळ्याने चार फेकी कराव्यात. स्वेटर आपला क्रमांक पुकारल्यावरच उतरवावा. ज्यांना चहा-कॉफी सोसते त्यांना तासभर आधी घेतल्याने थोडी मदत होते.

झोपेची तूट मात्र वॉर्मअपने भरत नाही. महागावहून आर्णीमार्गे यवतमाळला मध्यरात्री निघून थेट मैदानात उतरण्यापेक्षा आदल्या दिवशी दुपारी पोचावं, लवकर झोपावं.

आपली प्रगती वहीत लिहिताना फेकीसमोर वेळही लिहावी, आणि सकाळची फेक सकाळच्या फेकीशीच ताडून पाहावी. ज्यांची भरती अजून लांब आहे त्यांनी ताकदीचा व्यायाम जमेल त्या वेळी करावा. ज्यांचं ग्राउंड दोन महिन्यांवर आलं आहे, त्यांनी गोळा आजपासून पहाटे घ्यावा. अकॅडमी चालवणाऱ्या गुरुजींनीही पहाटेच्या सरावात धावण्याबरोबर गोळ्याला जागा द्यावी, ही कळकळीची विनंती.